कान शाबूत आहेत, अडतंय ते ‘व’पाशी

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडते. तुम्ही मूळचे सांगलीचे, वय ३८, आठ वर्षं न्यू जर्सीत. पाच वर्षांची मुलगी ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘व्हेस्ट’ म्हणजे अंगात घालायची बंडी असे दोन शब्द म्हणून दाखवते. तुम्हाला दोन्ही एकच ऐकू येतात आणि ती खिदळते. ऑफिसातही दोनतीनदा घोटाळा झाला, म्हणून ऑडिओग्राम काढलात, तो नॉर्मल आला. आता तुम्ही विचारताय की कान चांगले असतील तर दोष मेंदूत आहे का, आणि या वयात तो सुधारेल का. शेवटी एक ओळ जाता जाता टाकलीय: धाकटा सात महिन्यांचा आहे, त्याचं असं होऊ नये म्हणून घरात मराठी बंद करावं का?

त्या शेवटच्या ओळीसाठीच मी हे लिहायला बसले. मराठी बंद करू नका. कारणं पुढे येतीलच, पण अर्धवट वाचून उठलात तरी एवढं घेऊन उठा.

मी वाक् आणि श्रवण तज्ज्ञ आहे, पुण्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. नॉर्मल ऑडिओग्राम हातात घेऊन ‘तरीपण मला ऐकू येत नाही’ म्हणणारे लोक माझ्याकडे नेहमी येतात. ऑडिओग्राममध्ये आम्ही साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध सूर ऐकवतो आणि किती हळू आवाजापर्यंत तुम्ही बटण दाबता ते पाहतो. आवाज आत पोचतो की नाही, एवढंच त्यातून कळतं. पोचलेल्या आवाजाचं मेंदू काय करतो, दोन आवाजांना एकाच खणात टाकतो की वेगळं ठेवतो, याबद्दल त्या कागदावर एक अक्षर नसतं. (काही वेळा आवाजात, गर्दीत शब्द न लागणं ही वेगळी तक्रार असते आणि तिच्या चाचण्याही वेगळ्या असतात. तुम्ही लिहिलंय की अडचण फक्त इंग्रजीत आणि फक्त या जोडीत आहे. मराठी फोनवरसुद्धा नीट कळत असेल, तर त्या वाटेला जायची गरज दिसत नाही.)

आता तुमच्या ऑफिसात कुणी हिंदी भाषक असेल, तर त्याला बसवा आणि त्याच्याकडे पाठ फिरवून म्हणा: काल, काळ, काळ, काल. कोणता कधी म्हटलात ते त्याला विचारा. लखनौ-पाटण्याकडचा माणूस असेल तर बहुतेक वेळा गडबडेल. तुम्हाला मात्र त्यात ऐकायचं काय आहे तेच कळणार नाही, इतका तो फरक ढळढळीत आहे. आणखी एक गंमत करून पाहा. ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणा. दोन्हीकडे अक्षर ‘झ’च आहे, पण पहिल्यात जीभ दातांच्या मुळाशी जाते आणि दुसऱ्यात टाळूकडे. ‘जरा थांब’मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा यांचंही तेच. हे शाळेत कुणी शिकवलेलं नाही, लिहिण्यात तर फरकच नाही, तरी एखाद्याने ‘माझा’ हिंदी पद्धतीने म्हटलं की तुमचे कान लगेच टवकारतात. तुमच्या मुलीला वेस्ट-व्हेस्ट जितकं सोपं आहे, तितकंच तुम्हाला हे सोपं आहे.

मी स्वतः या खड्ड्यात पडले आहे. शिकायला म्हैसूरला होते. कन्नडमध्ये ए आणि ओ हे दोन्ही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगवेगळे आहेत. आखूड ‘ओ’ घेऊन ‘कोडु’ म्हटलं तर ‘दे’, आणि ओ लांबवून ‘कोऽडु’ म्हटलं तर ‘शिंग’. मराठीत ‘ओ’ एकच, तो लांबवा नाहीतर आखडा, अर्थ बदलत नाही. मेसमध्ये मी भात ‘द्या’ म्हणायचे तेव्हा वाढणाऱ्या मावशी गालात हसायच्या. मैत्रिणीने कारण सांगितलं आणि दोन्ही शब्द समोर बसून दहा वेळा म्हणून दाखवले. मला दहाही वेळा एकच शब्द ऐकू आला. ध्वनिशास्त्राच्या पेपरात बरे मार्क होते माझे!

हे असं का होतं, याचं उत्तर शोधायला बाळांपर्यंत मागे जावं लागतं. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी जे आवाज निवडले त्यातली एक जोडी हिंदीतली होती, आपल्याही ओळखीची: त आणि ट. दुसरी जोडी ब्रिटिश कोलंबियातल्या सॅलिश कुळातल्या एका आदिवासी भाषेतली होती. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना त-ट वेगळे काढणं फार जड जातं. पण इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं ते वेगळे काढत होती. दहा ते बारा महिन्यांची इंग्रजी बाळं मात्र बहुतेक करून काढेनाशी झाली होती. हिंदी घरातल्या बाळांचं त-ट अर्थातच पक्कं राहिलं.

न बोलणाऱ्या बाळाला विचारायचं कसं? बाळ आईच्या मांडीवर. एका बाजूने ‘त, त, त’ चालू. आवाज बदलून ‘ट’ झाला की बाजूच्या काळ्या काचेच्या खोक्यात दिवा लागतो आणि आतलं खेळणं नाचतं. दोनचार वेळा झालं की बाळ आवाज बदलताच खेळणं दिसायच्या आधीच मान वळवतं. मान वळली म्हणजे फरक कळला. याच धर्तीची चाचणी आम्ही क्लिनिकमध्ये लहान मुलांचं ऐकणं तपासायला वापरतो. माझ्याकडच्या खोक्यात झांजा वाजवणारं माकड आहे, आणि त्याची बॅटरी संपली की माझी ओपीडी संपली.

तर पहिल्या काही महिन्यांत बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले बरेचसे फरक टिपत असतं. मग भोवताली जी भाषा आहे तिच्यात कामाला येणारे फरक ते धारदार करतं आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायला शिकतं. पॅट्रिशिया कूल यांनी १९९२ मध्ये अमेरिकन आणि स्वीडिश बाळांवर दाखवलं की स्वरांच्या बाबतीत सहाव्या महिन्यातच आपल्या भाषेकडे कल दिसतो. याला ‘क्षमता गेली’ म्हणणं मला पटत नाही. वरणभात वाढायला पळी पुरते, तिथे मोजपट्टी कशाला? पन्नास प्रकारांनी म्हटलेला ‘व’ हा एकच ‘व’ आहे, हे ज्या मेंदूला झटकन कळतं तोच मेंदू सांगलीच्या बाजारात भराभर बोललेली मराठी समजू शकतो. तुमच्या मेंदूने वयाच्या दहाव्या महिन्यात हे काम चोख केलं, त्याचं बिल आता न्यू जर्सीत आलंय.

मोठेपणी हा फरक मेंदूत दिसतो का? दिसतो. डोक्याला इलेक्ट्रोड लावून एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतात आणि मधेच एखादा वेगळा टाकतात. मेंदूला फरक जाणवला की सेकंदाच्या साधारण दहाव्या ते चौथ्या भागात एक लहानसा विद्युत प्रतिसाद उमटतो. माणसाने लक्ष द्यायची गरज नसते, तो पुस्तक वाचत बसला तरी चालतं. १९९७ मध्ये रिस्तो नॅटॅनन आणि सहकाऱ्यांनी फिनिश आणि एस्टोनियन लोकांवर हे केलं. दोन्ही भाषा बहिणी, पण एस्टोनियनमध्ये एक स्वर जास्त आहे. तो स्वर टाकला की एस्टोनियन मेंदूत ठसठशीत प्रतिसाद यायचा, फिनिश मेंदूत दबका. फिनिश कानात तो पोचतच होता, फक्त त्याला घरात नाव नव्हतं.

याला लागूनच एक गैरसमज काढून टाकते. मराठी मेंदू आणि इंग्रजी मेंदू अशा दोन वेगळ्या यंत्रणा नसतात. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूची एक वळी आहे. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवले होते अशा रुग्णांमध्ये दिसलं की या वळीतल्या वेगवेगळ्या जागा आवाजांच्या जातींना प्रतिसाद देतात: कुठे अडवून सोडलेले प-त-क सारखे, कुठे घासून येणारे स-श सारखे, कुठे नाकातले. म्हणजे कच्चा माल सगळीकडे सारखाच टिपला जातो. भाषा ठरवते ती कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं हे.

आता ‘व’. इंग्रजी ‘व्हेस्ट’च्या सुरुवातीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासून बाहेर पडते. ‘वेस्ट’च्या सुरुवातीला दात कुठेच लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो आणि जिभेचा मागचा भाग उचलला जातो. आपला ‘व’ या दोघांच्या मधोमध: दात ओठाजवळ येतात, पण घासत नाहीत, आणि चंबूही पुरता होत नाही. त्यामुळे इंग्रजीचे दोन्ही आवाज आपल्या ‘व’ला जवळचे वाटतात आणि दोन्ही त्याच खणात पडतात. सगळ्यात अवघड प्रकार तो हाच. आवाज अगदी परका असेल तर उलट सोपं जातं. कॅथरीन बेस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये झुलू भाषेतले जिभेचे टिचके इंग्रजी भाषकांना ऐकवले, ते त्यांना चांगले वेगळे काढता आले. आपण वाईट वाटलं की ‘च्च च्च’ करतो, तसले आवाज ते. त्यांच्या भाषेत असं काही अक्षरच नव्हतं, त्यामुळे ओढून न्यायला खण नव्हता. सिंहलीतही आपल्यासारखा एकच ‘व’ आहे आणि इंग्रजीच्या या जोडीवर झालेल्या अभ्यासात सिंहली भाषकांची बरीच ओढाताण झाली, डच लोकांना ती फारशी जड गेली नाही.

मराठी माणसाची यात एक जादा फसगत आहे आणि ती मला दर महिन्याला दिसते. आपण व्हॅन, व्हिडिओ, व्हेस्ट असं ‘व्ह’ने लिहितो आणि वॉच, वेस्ट ‘व’ने. कागदावर फरक असल्यामुळे तो आपण बोलतोही, असं आपल्याला वाटतं. पण आपला ‘व्ह’ हा ‘नव्हे’मधला, म्हणजे ‘व’वर सोडलेला श्वास. अमेरिकन कान त्या श्वासाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याला दातांची घासणी हवी असते. तुम्ही प्रामाणिकपणे फरक करता, पण नको त्या जागी.

श्वासाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या मुलीसमोर एकदा तुमची बाजू राखायला उपयोगी पडेल असं काही सांगते. प, फ, ब, भ अशी चौकडी आपण सहज वेगळी ऐकतो (फ म्हणजे ओठ मिटून म्हटलेला, ‘फॅन’मधला नव्हे). १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी अकरा भाषांमधले असे आवाज मोजले. ओठ उघडल्यावर किती मिलिसेकंदांनी स्वरतंतू कंप पावायला लागतात, हे मोजमाप. त्या अकरांत मराठी होती. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ खरं तर श्वास सोडूनच म्हणतात, तोंडापुढे तळहात धरून अमेरिकन माणसाला ‘पिन’ म्हणायला लावा, झोत लागेल. आपली ‘पिन’ कोरडी असते, म्हणून त्यांना ती पुष्कळदा ‘बिन’ ऐकू येते. आणि पळ-फळ, ताट-थाट, काट-खाट या जोड्या तुमच्या अमेरिकन बॉसला ऐकवा. त्याचाही ऑडिओग्राम नॉर्मलच निघेल.

सुधारेल का? बऱ्यापैकी, हो. जपानी लोकांना इंग्रजी र आणि ल वेगळे करता येत नाहीत, हे तुम्ही ऐकलं असेल. १९९० च्या दशकात अमेरिकेत यावर पद्धतशीर काम झालं आणि त्यातून एक गोष्ट निघाली ती मी आजही वापरते. एकाच माणसाचा आवाज शंभर वेळा ऐकून फायदा त्या माणसापुरता होतो. निरनिराळे बोलणारे, निरनिराळे शब्द, आणि प्रत्येक उत्तरानंतर ताबडतोब बरोबर की चूक, असं असेल तर शिकलेलं नव्या आवाजावर आणि नव्या शब्दावरही चालतं आणि काही महिन्यांनी टिकून असतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नुसतं ऐकायला शिकवलेल्या लोकांचा उच्चारही सुधारला, तोंडाचा एकही व्यायाम न करता. म्हणून माझ्याकडे कुणी ‘उच्चार सुधारून द्या’ म्हणत आलं की मी पहिले पंधरा दिवस बोलूच देत नाही.

किती सुधारेल ते मात्र माणसागणिक वेगळं. रोज किती वेळ देता, अवतीभवती इंग्रजी किती प्रकारच्या तोंडून ऐकता, आणि काही अंशी जन्मजात कान, यावर ते अवलंबून आहे. शांत खोलीत एकेक शब्द ओळखणं लवकर जमेल. गोंगाटात, फोनवर, थकलेले असताना जुना ‘व’ पुन्हा डोकं वर काढेल. मुलीसारखं विनासायास कदाचित कधीच होणार नाही, आणि संदर्भावरून शब्द लागत असल्यामुळे बहुतेक वेळा अडणारही नाही.

एका बाबतीत तुमचं नशीब जपानी लोकांपेक्षा चांगलं आहे. र-ल चा फरक तोंडाच्या आत दडलेला असतो, तुमचा फरक ओठांवर दिसतो. ऐकताना मेंदू डोळ्यांचंही ऐकतो, हे १९७६ पासून माहीत आहे: ओठ एक अक्षर म्हणत असतील आणि आवाज दुसऱ्याचा असेल तर माणसाला भलतंच तिसरं ऐकू येतं. तेव्हा सुरुवातीला बोलणाऱ्याचा चेहरा बघत ऐका. दात दिसले की व्हेस्ट, चंबू दिसला की वेस्ट. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायला सांगायला लाजू नका. आठवड्याभराने डोळे मिटून करून पाहा.

आता धाकट्याकडे येते. मराठी बंद केलंत तर घरात कोणतं इंग्रजी बोलणार? तुमचंच, ज्यात ‘व’ एकच आहे. म्हणजे बाळाचा ळ जाईल, ण जाईल, आजीशी बोलणं जाईल, आणि ज्या फरकासाठी हे सगळं केलं तो तुमच्याकडून मिळणारच नाही. तो त्याला मिळेल पाळणाघरात, बागेत, आणि सगळ्यात जास्त बहिणीकडून. पुरावा तुमच्या घरातच खिदळतोय: थोरली याच घरात मराठी ऐकत वाढली ना?

दोन भाषांमुळे बाळ गोंधळतं किंवा उशिरा बोलतं, ही भीती माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आजीला असते, आणि कधी कधी डॉक्टरांनाही. माझ्या फायलींमध्ये उशिरा बोललेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यात कारण सापडलं तेव्हा ते ऐकण्यात होतं, विकासात होतं, किंवा दिवसभर समोर ठेवलेल्या मोबाइलमध्ये होतं. दुसऱ्या भाषेत ते एकदाही नव्हतं.

मोबाइलवरून आठवलं. सिअॅटलमध्ये कूल यांच्याच गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी बारा बैठकांत मँडरिन, म्हणजे चिनी, बोलणारी माणसं खेळवली. त्या बाळांना मँडरिनमधल्या दोन आवाजांतला फरक कळायला लागला. तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलेल्या बाळांना काहीच कळलं नाही. म्हणजे ‘इंग्रजी कानावर पडावं’ म्हणून कार्टून लावून ठेवू नका. मराठीसाठीही व्हिडिओवरच्या बडबडगीतांपेक्षा तुमची आंघोळीच्या वेळची बडबड कामाची.

लवकर ऐकलेलं किती खोल जातं, त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलला अशा मुलींचा अभ्यास झाला ज्या चीनमध्ये जन्मल्या, लहानपणीच दत्तक गेल्या आणि नंतर फक्त फ्रेंच बोलत वाढल्या. चिनीचा एक शब्दही त्यांना आठवत नव्हता. चिनी सूर (चिनीत सुरावरून शब्दाचा अर्थ बदलतो) ऐकवले तेव्हा त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच चालला, आयुष्यभर फक्त फ्रेंच ऐकलेल्यांसारखा नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बार्सिलोनात स्पॅनिश घरात वाढलेली, पण सहाव्या वर्षाच्या आत तिथली कॅटलान भाषा शिकून ती रोज बोलणारी माणसं आहेत. १९९७ च्या एका अभ्यासात त्यांना कॅटलानमधले दोन ‘ए’ वेगळे काढता येत नव्हते. तेव्हा इंग्रजी पाच-सहा वर्षं पूर्ण लांब ठेवा असंही मी म्हणणार नाही. न्यू जर्सीत ते ठेवू म्हणता राहणारही नाही. आईबाबा मराठीत, बहीण तिला हवं तसं, आणि दीड-दोन वर्षांपासून आठवड्यातले काही तास इंग्रजी मुलांबरोबर, एवढं पुरे.

बाळाच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते दुसरीकडेच. जन्मानंतरची श्रवणचाचणी झाली होती का ते कागदात पाहा. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठत असेल तर उपचार करून घ्या, कारण ऐन याच महिन्यांत आवाज अर्धवट पोचणं महागात पडू शकतं. दहा महिन्यांच्या सुमाराला बाबा-दादा-मामा अशी बडबड नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर भाषेचा विचार न करता तपासून घ्या.

आणि तुमच्यासाठी: सुरुवातीला स्वतःची परीक्षा घ्या, नाहीतर महिन्याने सुधारलं की नाही ते कळणार नाही. वेस्ट-व्हेस्ट, वाइन-व्हाइन (wine-vine), वेट-व्हेट (wet-vet), वेल-व्हेल (wail-veil) अशा दहा जोड्या काढा. मुलगी, तिची एखादी मैत्रीण, शेजारी, ऑफिसातले दोघं, अशा पाचजणांकडून फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शंभर शब्द होतील. बायकोला ते उलटसुलट क्रमाने लावायला सांगा, तुम्ही कागदावर दात किंवा चंबू लिहा. पन्नासच्या आसपास आले तर तुम्ही नाणेफेक करताय. रोज पंधरा-वीस मिनिटं, प्रत्येक शब्दाला लगेच उत्तर तपासून, चार आठवडे करा. शेवटच्या परीक्षेत मात्र सहाव्याच कुणाचा तरी आवाज घ्या. दोन्ही आकडे इथे लिहा, आणि कोणत्या जोडीला जास्त चुकलात तेही. माझा अंदाज वाइन-व्हाइनवर आहे.